मिरजेच्या रिटायर्ड गार्डसोबत कॅनडाची रेल्वे: टोरंटो ते क्वेबेक, आईअण्णांना घेऊन

आधी निकाल सांगतो, बाकीचं सावकाश. आईवडील सत्तरीच्या आसपास आहेत, कॅनडात बहीण नाहीतर मुलगा आहे, नायगारा बघून झालाय आणि आता पुढं काय दाखवायचं असा प्रश्न पडलाय, तर बसचं पॅकेज घेऊ नका. व्हिया रेल या कॅनडाच्या रेल्वे कंपनीची तिकिटं काढा आणि टोरंटो, ओटावा, मॉन्ट्रियल, क्वेबेक सिटी ही चार शहरं रेल्वेनं करा. आम्ही मे महिन्यात केली. आई, अण्णा, बायको, सहावीतली लेक आणि मी, पाच जण, दहा दिवस. गाडीला पाचपैकी पाच, पूर्ण ट्रिपला साडेचार, अर्धा कुठं कापला ते मॉन्ट्रियलपाशी येईल.

अण्णा मिरज जंक्शनला मालगाडीचे गार्ड होते. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होते हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, अण्णांची उमेदीची वर्षं मीटरगेजवर लोंढ्याकडं जाणाऱ्या मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधे, म्हणजे शेवटच्या गार्डच्या डब्यात गेली, हातात झेंडी आणि बत्ती. आणि आईला गाडी लागते. सांगलीहून कोल्हापूरला एसटीनं जायचं म्हणलं तरी हातात आवळासुपारी आणि प्लॅस्टिकची पिशवी, शिरोली येईपर्यंत डोळे मिटून बसलेली. रेल्वेत मात्र तिला आयुष्यात कधी काही झालं नाही, कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलीय. त्यामुळं ताई टोरंटोजवळच्या मिसिसागाहून फोनवर म्हणाली की इथून तीन दिवसाची बस टूर असते, ओटावा मॉन्ट्रियल क्वेबेक सगळं करून आणतात, तेव्हाच मी मनात फुली मारली.

इथं सांगलीत एका एजंटकडं गेलो होतो. त्याला स्पष्ट सांगितलं की रेल्वेनंच जायचंय, म्हातारी माणसं आहेत. हो हो करून दहा हजार ॲडव्हान्स घेतला आणि तीन आठवड्यांनी जो कागद हातात दिला त्यात परत बसच, सकाळी सहाला निघायचं आणि रात्री नऊला हॉटेल. विचारलं तर म्हणतो तिकडं रेल्वेनं कोण फिरत नाही साहेब. ॲडव्हान्स परत मिळाला पण दोन हजार कापून. त्या दोन हजारापेक्षा जास्त राग याचा आला की वयस्कर माणसांची अडचण समोर बसून सांगितल्यावरही ऐकूनच घेतली नाही. शेवटी मीच रात्री बसून बुकिंग केलं, साईटवर अजिबात अवघड नाही. विमानासारखंच आहे, जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या गाड्यांचं भाडंसुद्धा वेगळं असतं. आम्ही सगळी तिकिटं इकॉनॉमीची काढली आणि सीट निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, टोरंटोहून निघताना उजव्या बाजूची खिडकी घ्या, का ते सांगतो.

टोरंटोचं युनियन स्टेशन. दाजींनी गाडीनं सोडलं, तास दीड तास आधीच पोचलो कारण अण्णांना कुठल्याही स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर लागतं. ग्रेट हॉलमधे आत शिरलो आणि अण्णा थांबलेच. २७ मीटर उंच कमानीचं छत, दगडी भिंती, आणि वरच्या पट्टीवर रेल्वे जिथं जिथं जाते त्या शहरांची नावं दगडात कोरलेली. लेक मोठ्यानं वाचत फिरत होती, हॅलिफॅक्स, ओटावा, विनिपेग, व्हँकुव्हर. १९२७ साली हे उघडलं. अण्णा म्हणाले, "बोर्ड रंगवून पण चाललं असतं की, पण यांनी दगडात कोरलंय, म्हणजे गाडी कायम जाणार हे ठरवूनच कोरलंय." त्या हॉलमधे आम्ही अर्धा तास नुसते बसलो.

प्लॅटफॉर्मवर मात्र आपल्यासारखं आधी जाऊन उभं राहता येत नाही. खाली गेटसमोर रांग लागते, वेळ झाली की तिकिटावरचा कोड स्कॅन करून वर सोडतात. वयस्कर लोकांना, लहान मुलं असणाऱ्यांना आधी बोलावतात. आईच्या गुडघ्याचं मी बुकिंग करतानाच लिहिलं होतं, मदतीला एक बाई आल्या, आईचा हात धरून डब्यापर्यंत नेलं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बॅगा ठेवायला डब्याच्या टोकाला रॅक आहे, हमाल हा प्रकार नाही, त्यामुळं प्रत्येकानं स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग घ्या.

गाडी नवीन होती. सीमेन्सच्या या गाड्या २०२२ च्या शेवटापासून या मार्गावर धावायला लागल्यात. दोन-दोन सीट, मोठ्या काचा, वायफाय फुकट, टॉयलेट स्वच्छ, शेवटच्या तासातसुद्धा स्वच्छ होतं हे मुद्दाम सांगतोय. एक आहे, निम्म्या सीटांचं तोंड उलट्या दिशेला असतं आणि त्या फिरत नाहीत. आईसाठी मी समोर तोंड असलेली बघून घेतली. टेबल असलेल्या समोरासमोरच्या चार सीटा मिळतात त्या कुटुंबाला एकदम बेस्ट. ट्रॉली येते, त्यात सँडविच, चिप्स, चहाकॉफी, शाकाहारी माणसाला त्यावर पोट भरणं अवघड आहे म्हणून ताईनं दशम्या करून दिल्या होत्या, शेंगाची चटणी आणि भडंग आम्ही सांगलीहूनच नेलेलं, विमानतळावर फॉर्मात खाण्याचं आहे म्हणून लिहिलं होतं, कुणी अडवलं नाही.

आता उजव्या खिडकीचं. टोरंटो सोडलं की तासाभरानं पोर्ट होप आणि कोबर्गच्या आसपास लेक ऑन्टारिओ एकदम रुळाजवळ येतं. आईनं विचारलं समुद्र आला का. पलीकडचा काठच दिसत नाही, लाटा येतात, आणि पाणी गोडं. तिला ते पटेना. गोड्या पाण्याला काठ नाही असं कसं, असं ती बेलव्हिल येईपर्यंत म्हणत होती. कृष्णेच्या काठावर जन्म गेला बाईचा, २०१९ ला आमच्या खालच्या मजल्यात साडेपाच फूट पाणी होतं, तिला पाण्याचा काठ कुठं आहे हे आधी बघायची सवय लागलीय.

अण्णांचं लक्ष सगळं दुसऱ्या खिडकीकडं. या मार्गाबद्दल एक समजून घ्या, व्हिया रेल सरकारी कंपनी आहे पण ज्या रुळांवरून ती धावते त्यातले फार थोडे तिचे स्वतःचे आहेत, बाकी रूळ मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांचे, या पट्ट्यात जास्त करून कॅनेडियन नॅशनलचे. टोरंटोचा तो ५५३ मीटरचा सीएन टॉवर आहे ना, तो १९७६ साली याच रेल्वे कंपनीनं बांधला, सीएन म्हणजे कॅनेडियन नॅशनल. तर रूळ त्यांचे म्हणजे मालगाड्यांचा मान मोठा, कधी पॅसेंजर गाडीला थांबावं लागतं, उशीर होतो. म्हणून गाडी पोचायच्या वेळेला चिकटून पुढचं काही बुक करू नका, दोन तास मोकळे ठेवा. आपल्याकडं हे ऐकून लोक वैतागतील पण अण्णांचं मत वेगळं आहे. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी यार्डात जाऊन उभे होते. मालगाडीला कमी समजू नका, तिच्यावर गावं जगतात, हे त्यांचं कायमचं वाक्य.

तर ब्रॉकव्हिलच्या आधी शेजारच्या लाईनवरून एक मालगाडी आली. कंटेनरवर कंटेनर, दुमजली. वर तारा नाहीत कारण हा सगळा मार्ग डिझेलवर आहे, म्हणून एवढी उंची चालते. अण्णा मोजायला लागले, ओठ हलत होते, आम्ही कुणी बोललो नाही. एकशे बेचाळीस मोजले. आणि शेवटचा वॅगन आला तेव्हा ते खिडकीला कपाळ टेकवून मागं बघत राहिले, कारण ब्रेकव्हॅन नव्हती. शेवटच्या कपलरला, म्हणजे डबे जोडायच्या कडीला, एक छोटी पेटी लावलेली, त्यावर दिवा लुकलुकत होता. तिकडं मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा तो गेल्या शतकाच्या अखेरीस निघाला, आता ते यंत्र ब्रेकचं प्रेशर पुढं इंजिनात कळवतं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग लेकीला म्हणाले, "एवढी मोठी गाडी, आणि मागं माणूस नाही. रात्री घाटात थांबली तर उतरून कोण बघणार?" तिनं विचारलं आजोबा तुम्ही उतरायचा का, आणि तिथून पुढं स्मिथ्स फॉल्सपर्यंत त्यांनी तिला जे सांगितलं, पावसात बत्ती घेऊन अख्ख्या गाडीच्या कडेनं चालत गेलेलं, धोक्याचा इशारा म्हणून रुळावर फटाके ठेवायचे ते, यातलं निम्मं मी सुद्धा पहिल्यांदा ऐकलं. चाळीस वर्षांत नाही ऐकलं ते त्या गाडीत ऐकलं.

आणि हॉर्न. फाटक आलं की दोन लांब, एक आखूड, परत एक लांब. अण्णांनी तिसऱ्या फाटकाला ओळखलं, चौथ्यापासून लेक आधीच तोंडानं वाजवायला लागली.

ओटावाला साडेचार तास लागले. आताचं स्टेशन शहराबाहेर आहे, पण समोरूनच लाईट रेल मिळते, ती मधे आणून सोडते. आम्ही दोन रात्री राहिलो आणि मला विचाराल तर चारही शहरात सगळ्यात जास्त मनात बसलं ते ओटावा, जे लोक बस टूरमधे तीन तासात उरकतात.

राणी व्हिक्टोरियानं १८५७ च्या शेवटी हे गाव राजधानी म्हणून निवडलं. पार्लमेंट टेकडीवर गेलो तर मुख्य इमारतीचं मोठं काम चालू आहे, २०१९ पासून बंद आहे ती. १९१६ च्या फेब्रुवारीत आग लागून त्या जागची आधीची इमारत जळाली, मागचं ग्रंथालय तेवढं वाचलं, कारण मधलं लोखंडी दार वेळेत लावलं. आता खासदारांची सभा शेजारच्या वेस्ट ब्लॉकमधे भरते. आणि सिनेट, म्हणजे त्यांचं वरचं सभागृह, ते भरतं जुन्या रेल्वे स्टेशनात. खरंच. १९१२ सालचं स्टेशन, १९६६ ला गाड्या बंद होऊन स्टेशन शहराबाहेर गेलं, रूळ उखडून तिथं कॅनॉलच्या कडेनं रस्ता केला, पण इमारत ठेवली आणि २०१९ पासून तिथं सिनेट बसतं. टूर फुकट आहे, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. अण्णा त्या वेटिंग हॉलच्या छताखाली उभे राहिले, चप्पल काढू का असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो, पण त्यांनी विचारलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

समोरच शाटो लॉरिए हॉटेल, तेही रेल्वे कंपनीनंच बांधलेलं, त्याच साली. ज्यांनी बांधायला घेतलं ते ग्रँड ट्रंक रेल्वेचे अध्यक्ष चार्ल्स हेज टायटॅनिकवर होते, हॉटेल उघडायच्या थोडे दिवस आधी गेले. राहणं आपल्या आवाक्यातलं नाही पण आत लॉबीत जाऊन या.

पार्लमेंट टेकडी आणि हे हॉटेल यांच्या मधून खाली उतरतं ते रिडो कॅनॉल. पार्लमेंटच्या बाजूलाच आठ लॉक आहेत, म्हणजे बोट वरखाली करायला दारं लावलेले पाण्याचे कप्पे, पायऱ्यांसारखे, बोट वरून खाली नदीत जायला एकूण चोवीसेक मीटर उतरते. १८३२ साली हे कॅनॉल सुरू झालं, ओटावा ते किंग्स्टन २०२ किलोमीटर, २००७ पासून जागतिक वारसा. आम्ही गेलो त्याच आठवड्यात बोटींसाठी उघडलं होतं. दरवाजे अजून हातानं फिरवतात. दोन पोरं पोरी, कॉलेजातली असावीत, लोखंडी दांड्यानं रहाट फिरवत होती, साखळी करकर वाजायची, लाकडी दारांच्या फटीतून आधी पाण्याची धार, मग दार हलायचं, मग बोट एक पायरी खाली. आई एका बाकावर बसली आणि एक बोट आठही पायऱ्या उतरेपर्यंत उठली नाही, दीड तास. तिथं जवळच एक क्रॉस आहे, हे कॅनॉल खोदताना मेलेल्या मजुरांच्या आठवणीचा. शेकडो माणसं गेली, त्यातली पुष्कळ मलेरियानं. कॅनडात मलेरिया हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे सगळीकडं कॅनॉल खणणाऱ्याचं सारखंच." तिचे वडील कोयनेच्या कामावर मजूर होते.

मे मधे गेलात तर ट्युलिप चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडची राजकन्या जुलियाना इथं आसऱ्याला होती, १९४३ साली तिला मुलगी झाली ती ओटावातच, आणि बाळ पूर्ण डच नागरिक व्हावं म्हणून कॅनडानं दवाखान्यातली तेवढी जागा आपल्या हद्दीतून बाहेर धरली. युद्ध संपल्यावर त्यांनी एक लाख कंद पाठवले, अजून दरवर्षी येतात. उपकार लक्षात ठेवायची ही पद्धत आईला फार आवडली, हळदीकुंकवाला गेलेल्या बाईनं दरवर्षी वाण पाठवावं तसं आहे म्हणाली.

ओटावाहून मॉन्ट्रियल दोन तास. आणि इथं तो अर्धा मार्क गेला. मी भाड्यानं एक फ्लॅट घेतला होता, जाहिरातीत पहिला मजला लिहिलेलं. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांत घरांना बाहेरून लोखंडी गोल जिने असतात, फोटोत फार सुंदर दिसतात, आमच्या त्या पहिल्या मजल्याला असा पंचवीस पायऱ्यांचा वळणदार जिना निघाला, अरुंद, वर पाऊस पडून ओला. आई मधेच थांबली, ना वर ना खाली. अण्णा मागं उभे, बायको पुढं, एकेक पायरी करत वर नेलं, रात्रभर गुडघा सुजलेला. मालकाला मेसेज केला तर तो म्हणे जिन्याचा फोटो होता की. होता, दहाव्या नंबरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट्रल स्टेशनच्या जवळ हॉटेल घेतलं, फ्लॅटचे पैसे गेले. मोठी माणसं बरोबर असतील तर मॉन्ट्रियलमधे लिफ्ट आहे का एवढंच न विचारता रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत ते लेखी विचारा.

त्यामुळं मॉन्ट्रियल थोडं कमी झालं. नोट्र डेम चर्च बघितलं, १८२९ चं, आत निळ्या छतावर सोनेरी चांदण्या, तिकीट आहे पण द्यावं. जुन्या बंदरावर संध्याकाळी बसलो. मेट्रोला रबराचे टायर आहेत, १९६६ ला सुरू झाल्यापासून, आणि सगळी जमिनीखाली. अण्णांनी प्लॅटफॉर्मवर तीन गाड्या सोडल्या नुसतं चाक बघायला. बेगल खाल्ले, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, तिळाचा गरम गरम, आईनं आधी अंडं आहे का विचारायला लावलं, तुम्हीही विचारा, दुकानागणिक वेगळं असतं. पुटीन म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, वर चीज आणि रस्सा, तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो, शाकाहारी सॉस मागितला की काही ठिकाणी मिळतो. आणि दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणा, मग इंग्रजी. नमस्कार न करता कुणाच्या घरात शिरत नाही आपण, तेवढंच आहे ते, पण समोरचा माणूस बदलतो.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. मॉन्ट्रियल-टोरंटो लाईन १८५६ साली पूर्ण झाली तेव्हा तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, होता साडेपाच फूट, म्हणजे तंतोतंत आपला ब्रॉडगेज. पुढं १८७० च्या दशकात अमेरिकेच्या गाड्यांशी जुळायला म्हणून त्यांनी तो कमी करून चार फूट साडेआठ इंच केला. आपण पुढं मिरजेत उलटं केलं, लहान गेज मोडून मोठा केला. हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, म्हणजे ही लाईन आपली भावकीतली.

मॉन्ट्रियल ते क्वेबेक सिटी सव्वातीन तास, आणि या प्रवासाच्या दोन्ही टोकांना सेंट लॉरेन्स नदी ओलांडते गाडी. सुरुवातीला व्हिक्टोरिया ब्रिज, १८५९ चा, तीन किलोमीटरच्या आसपास लांब. पुलावर गाडी चढली आणि आईनं सवयीनं पर्समधून नाणं काढलं. आपल्याकडं कृष्णा आली, भीमा आली की टाकतोच. काच उघडत नाही. तिनं हात जोडले आणि नाणं परत रुमालात बांधून ठेवलं.

शेवटी क्वेबेक ब्रिज. हा पूल मी आधी वाचून ठेवला होता आणि अण्णांना दोन स्टेशनं आधी सांगितलं. मधला गाळा ५४९ मीटर, कॅन्टिलिव्हर, म्हणजे दोन्हीकडून पुढं काढलेल्या हातांवर तोललेल्या पुलांत जगात अजून पहिला. बांधताना दोनदा पडला. १९०७ साली ७५ माणसं गेली, त्यातले ३३ काहनावाके गावचे मोहॉक लोखंडकाम करणारे, एका गावातले ३३. गाळ्याची लांबी वाढवली पण लोखंडाचं वजन नीट परत मोजलं नाही, खालच्या लोखंडी तुळया वाकायला लागल्या होत्या, जागेवरच्या माणसांनी बघितलं होतं, थांबवायचा निर्णय पोचेपर्यंत उशीर झाला. १९१६ ला मधला तुकडा उचलताना परत पडला, १३ गेले. १९१७ ला पूर्ण झाला. गाडी पुलावर हळू झाली तसे अण्णा सीटवरून उठून उभे राहिले आणि पूल संपेपर्यंत उभे होते. लेकही उभी राहिली. पलीकडच्या सीटवरच्या एका बाईंनी अण्णांकडं बघून मान हलवली, त्यांना काय कळलं माहीत नाही.

क्वेबेक सिटीचं स्टेशन गार द्यू पाले, १९१५ चं, हिरव्या पडलेल्या तांब्याच्या छपराचं, एखाद्या वाड्यासारखं. स्टेशन खालच्या गावात आहे आणि जुनं शहर टेकडीवर, चढ दमवणारा आहे, टॅक्सीच करा. १६०८ ला शाम्प्लेननं वसवलेलं शहर, भोवती साडेचार किलोमीटरचा तट अजून शाबूत, मेक्सिकोच्या वर अख्ख्या उत्तर अमेरिकेत असा तट दुसरा नाही, १९८५ पासून जागतिक वारसा. तो तट शहरातल्या लोकांना पाडायचा होता, रस्ते अरुंद पडतात म्हणून, तो वाचवला गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरीननं. नाव ओळखीचं वाटलं ना? सोलापूरचा डफरीन चौक. तोच डफरीन, कॅनडातून १८७८ ला गेला आणि १८८४ ला आपल्याकडं व्हाइसरॉय होऊन आला. अण्णा दोन वर्षं सोलापूरला होते, त्या चौकातून रोज सायकलनं जायचे, आणि आता त्याच्या नावाच्या लाकडी फळ्यांच्या गच्चीवर, डफरीन टेरेसवर, खाली सेंट लॉरेन्स आणि मागं शाटो फ्रोंटनॅक. तेही १८९३ चं रेल्वे कंपनीचंच हॉटेल. आता मला कुणी विचारलं की ही शहरं रेल्वेनंच का बघायची तर मी हेच सांगतो, चारही ठिकाणी ज्याचा फोटो काढायला तुम्ही जाता त्यातलं निम्मं रेल्वेनंच उभं केलंय, बसमधून उतरून ते कळत नाही.

तटाबाहेर अब्राहमचं मैदान आहे. १३ सप्टेंबर १७५९ ला इथं इंग्रज आणि फ्रेंच लढले, अर्ध्या तासात निकाल, दोन्हीकडचे सेनापती वुल्फ आणि मॉन्टकाम जखमी होऊन गेले, आणि फ्रेंचांच्या हातून कॅनडा निघून गेला. लेकीनं हिशोब केला, पानिपतच्या सोळा महिने आधी. आज तिथं हिरवळ आहे, लोक पळतात, पोरं पतंग उडवतात. हरलेल्यांची भाषा मात्र गेली नाही, अडीचशे वर्षं झाली तरी स्टॉपच्या पाटीवर फ्रेंचच, आणि प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर लिहिलंय "झ म सुव्हिया", मला आठवतंय. मराठी माणसाला यावर वेगळं काही सांगायला नको.

शेवटच्या संध्याकाळी लेव्हीला जाणाऱ्या फेरीत बसलो, दहा बारा मिनिटांचा प्रवास, तिकीट थोडकं, शहराचा सगळ्यात चांगला देखावा तिथूनच. गार वारा होता, बाकीचे आत. आई कठड्यापाशी गेली, रुमालाची गाठ सोडली, पाच रुपयाचं नाणं नदीत सोडलं आणि हात जोडले. अण्णा शेजारी उभे होते. मी फोटो काढला नाही.

परत येताना क्वेबेकहून मॉन्ट्रियलला गाडी बदलून टोरंटो, दिवस जातो, आईला काही झालं नाही, जेवून झोपली. परत करायची झाली तर एकच बदल करेन, किंग्स्टनला एक रात्र थांबेन. १८४१ ते १८४४ राजधानी तिथं होती आणि त्या कॅनॉलचं दुसरं टोक तिथं आहे, आम्ही नुसते स्टेशनवरून पुढं गेलो. तिथंही स्टेशन गावापासून लांब आहे, टॅक्सीचे पैसे धरा. मे मधे स्वेटर लागतोच, क्वेबेकला संध्याकाळी कानटोपीसुद्धा लागली. आणि दशम्या ओटावापर्यंतच टिकतात, पुढच्यासाठी भडंग जास्त घ्या.